२१ दिवसांच्या हिशेबात अडकू नका

२१ दिवस नेटाने केलं की सवय अंगवळणी पडते, असं बरेचदा ऐकायला मिळतं. माझं तरी तसं कधी झालं नाही, आणि दोष माझ्यातच आहे असं बरीच वर्षं वाटायचं. मग कळलं, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२०१० साली छापून आला) सवय आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा संशोधकांचा अंदाज निघाला. पाणी प्यायची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. हे सांगायला संशोधक कशाला हवेत म्हणा! पण एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हे त्यातलं मला जास्त कामाचं वाटलं.

माझी गाडी नेमकी तिथेच अडायची. एक खाडा झाला की ‘आता सोमवारपासून’, आणि तो सोमवार दोन महिन्यांनी उगवायचा. आता सकाळी चालायला जायचे बूट-मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवते. दात घासले की थेट बूट, मध्ये मोबाइल नाही. अगदीच कंटाळा आला तर दहा मिनिटं चालून परत. परवा तर जिन्यापर्यंतच जाऊन आले, तरी वहीत टिक केलीच.