ऑटो सीपॅप: मास्कमधून हवा सुटतेय, कमाल दाब वाढवू का?

देवगडकर:
बाबांचं वय ६८, झोपेत श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया), म्हणून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र लावतात. यंत्र रेसमेडचं ऑटो (दाब आपोआप कमी-जास्त करणारं), दाब ६ ते १४, तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क, मीडियम कुशन, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर ५ वर. पाऊस सुरू झाल्यापासून मध्यरात्रीनंतर डोळ्यांकडे आणि ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटते. ऑस्करमध्ये (यंत्राच्या नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर) ९५ टक्क्यांचा दाब १२.६, लीक (गळती) ३८, एएचआय (तासाला श्वास अडण्याच्या घटना) ९. पट्टे आवळले की नाकावर वळ उठतात. कमाल दाब १८ केला तर? डॉक्टर कोल्हापूरला, भेट पुढच्या महिन्यात.

खाडीपलीकडे:
कमाल दाबाला हात लावू नका. रात्रीचा ९५ टक्के वेळ यंत्र १२.६ किंवा त्याखालीच आहे, म्हणजे १४ची मर्यादा आड येत नाहीये. दाब चढला तर गळती मात्र वाढेल. रेसमेडमध्ये ९५ टक्क्यांची लीक २४ लिटर/मिनिटच्या आत हवी. ३८ असताना यंत्राला श्वासाचा प्रवाह नीट कळत नाही, त्यामुळे त्या ९ एएचआयवरही निर्णय घेता येत नाही. आधी गळती.

मास्क बसून लावू नका. बाबांना झोपतात तसं उशीवर आडवं करा, यंत्र चालू करा, सगळे पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून हळूच परत टेकवा. कुशनची आतली पातळ कड हवेने फुगते आणि तीच खरी सील करते. पट्टे आवळले की ती चपटी होते आणि हवा आणखी सुटते. आता खालचे पट्टे दोन्हीकडून सारखे घ्या, मग वरचे, गळती थांबेल एवढेच. डोळ्यांकडची हवा बहुधा वरच्या पट्ट्यांच्या फरकाने जाते. यंत्रात ‘मास्क फिट’ नावाची चाचणी असेल तर ती चालवून बघा. एल्बोजवळची (नळी जोडायच्या वाकड्या तुकड्याजवळची) बारीक छिद्रं मात्र बुजवू नका, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो.

माडबन:
दोन गोष्टी विचारतो. रात्री कवळी काढतात का? आणि डोक्याला तेल लावून झोपतात का?

देवगडकर:
दोन्ही हो. खोबरेल रोज.

माडबन:
मग तिथेच बघा. कवळी काढली की गाल आत जातात आणि ओठांच्या कोपऱ्यांशी फट पडते. माप कवळीशिवायच घ्यायला हवं, कुशनचा आकार कदाचित बदलावा लागेल. कवळी घालून झोपवायचं असेल तर दंतवैद्यांना विचारून. तेल सकाळी लावा. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, कुशन रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. सिलिकॉनवर तेलाचा थर बसला की मास्क सरकतो, पट्टेही तेल पिऊन ढिले पडतात. कुशन पिवळट, मऊसर झाली असेल तर धुण्याने भागणार नाही, नवी घ्या.

खाडीपलीकडे:
पावसाळ्यातलं आणखी एक. हवेतच इतका ओलावा आहे की ह्युमिडिफायर ५ वर कशाला? २-३ वर आणा. पंख्याखाली नळी थंड पडून आत पाणी जमतं, ते मास्कमध्ये आलं की झोप मोडते आणि हात मास्ककडे जातो. यंत्र गादीच्या पातळीखाली ठेवा, नळीवर कापडी खोळ घाला. टाकीत डिस्टिल्ड पाणीच. विहिरीचं उकळलं तरी क्षार राहतात. मागचा फिल्टर दमट झाला असेल तर बदला.

लीक २४च्या आत येऊन चार-पाच रात्री गेल्या की ऑस्करमध्ये उरलेल्या घटना कोणत्या ते बघा. ऑब्स्ट्रक्टिव्ह (घशाची वाट बंद होऊन श्वास अडलेल्या) असतील तर डॉक्टरांना फोनवर सांगून किमान दाब ६चा ७ करण्याबद्दल विचारा, एका वेळी ०.५ ते १ एवढंच, आणि पुन्हा तितक्याच रात्री थांबा. ईपीआर ३ वर असेल तर तेही सांगा, श्वास सोडताना दाब तेवढा उतरतो. क्लिअर एअरवे (वाट मोकळी असूनही श्वास थांबलेल्या घटना) जास्त दिसल्या तर दाब वाढवायचा नाही. मग डॉक्टरांची भेट अलीकडे घ्या आणि एसडी कार्ड सोबत न्या.