पुढच्या वर्षी कोण जाणार? पाच पौंडांची पैज

लीड्सकर
आमच्या ऑफिसात (लीड्स, इंग्लंड) दर डिसेंबरात एक खेळ चालतो. त्याला डेड पूल म्हणतात. येत्या वर्षात कोणते प्रसिद्ध लोक मरतील त्यांची दहा नावं ३१ डिसेंबरच्या आत लिहून द्यायची आणि पाच पौंड भरायचे. माणूस गेला की शंभरातून त्याचं वय वजा करायचं, उरतील तेवढे गुण. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला सगळी रक्कम. हा काही आमच्याच ऑफिसचा शोध नाही, इथे आणि अमेरिकेत हा खेळ जुना आहे.

पहिल्या वर्षी मी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लिहिले. ते फेब्रुवारी २०२३ पासून घरीच शेवटची शुश्रूषा घेत होते, म्हणजे हुकमी एक्का. ते गेले २९ डिसेंबर २०२४ ला, वर्ष संपायला दोन दिवस असताना. वय शंभर, गुण शून्य. सगळं ऑफिस हसलं, मीही हसलो.

पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस लिहिले. १४ फेब्रुवारीला ते रोमच्या रुग्णालयात दाखल झाले आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या फुप्फुसांची बातमी बघायला लागलो. महिन्याभराने ते बरे होऊन बाहेर आले तेव्हा मी चक्क हिरमुसलो. २१ एप्रिलला ईस्टरची सुट्टी होती, घरी चहा टाकला होता. ग्रुपवर एकाने नुसतं ‘१२’ लिहिलं. काय झालं ते कळलं आणि पहिल्यांदा आनंद झाला. मग आधण उकळून आटलं तरी तिथेच उभा होतो.

आईला सांगितलं तर म्हणाली, “शुभ बोल रे नाऱ्या! वास्तू तथास्तु म्हणत असते.” वास्तूचं सोडा. यात खरंच काही वाईट आहे का?

सदाशिवपेठी
कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. पोप ८८ वर्षांचे होते, तुमच्या यादीने गेले नाहीत. इंग्रज लोक मरणावर विनोद करतात, आपण मरणापुढे गप्प बसतो. त्यांचंच बरं म्हणायचं. आणि हे त्यांच्या रक्तातच आहे. लंडनच्या व्हाइट्स क्लबच्या दारात एक माणूस कोसळला, त्याला आत आणलं, तर सभासदांनी लगेच पैजा लावल्या: मेलाय की जिवंत? वैद्य शीर कापून रक्त काढायला निघाला, तेव्हा ‘मेलाय’वर पैसे लावणाऱ्यांनी हरकत घेतली, की उपचार केलात तर पैज निकोप राहणार नाही! होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५० मध्ये हा किस्सा पत्रात लिहून ठेवलाय. थोडा मीठमसाला त्याचाही असेल.

कृष्णाकाठ
किस्सा तुम्ही तुमच्या बाजूने सांगितलात, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. पैसे लावल्याबरोबर उपचारच अडचण वाटायला लागली की नाही?

आणि लीड्सकर, तुमच्या गुणांचं गणित जरा बघा. राणी एलिझाबेथ ९६ व्या वर्षी गेल्या, चार गुण. प्रिन्स फिलिप ९९, एक गुण. म्हाताऱ्यांत मिळकत नाही. जिंकायचं तर तरुण शोधायला हवा, आणि तो आजारी हवा. कुणाचा कर्करोग कुठवर पसरलाय, कोण दारूत बुडालंय, कोण मागच्या महिन्यात रुग्णालयात होतं, हे सगळं धुंडाळत बसायचं. गायिका एमी वाइनहाउस २७ व्या वर्षी गेली, म्हणजे ७३ गुण. ती हयात असताना एका संकेतस्थळावर तिच्या मृत्यूची तारीख ओळखण्याची स्पर्धा होती, बक्षीस आयपॉड. व्यसनातून सुटायला धडपडणारी पोरगी ते रोज बघू शकत होती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तो असा.

सदाशिवपेठी
आयपॉडचा प्रकार हिडीस होता, कबूल. पण तिला मारलं दारूने. अभिरुची घाणेरडी असणं हा गुन्हा नाही, नाहीतर आपल्या निम्म्या वृत्तवाहिन्या आत असत्या.

विमावाला
गुन्ह्याचं म्हणाल तर थोडं सांगतो, तीस वर्षं याच धंद्यात आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये कुणीही कुणाच्याही आयुष्याचा विमा काढू शकत असे. ओळख असायची गरज नव्हती. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७४३ मध्ये डेटिंगेनच्या लढाईवर गेला तर तो परत येतो की नाही यावर पैसे लागले. १७६५ मध्ये जर्मनीहून आलेले शेकडो निर्वासित लंडनबाहेर उपाशी पडले होते, तर आठवड्याभरात त्यातले किती मरतील यावरही पैजा लागल्या. शेवटी १७७४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, की ज्याच्या जगण्यात तुमचा हितसंबंध नाही त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही. आमचा सगळा धंदा आजही याच एका अटीवर उभा आहे. बायकोचा विमा काढा, कर्जदाराचा काढा, शेजाऱ्याचा काढता येत नाही. आपल्याकडे तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल. म्हणजे लीड्सकर, हेच पुण्यात जिंकला असतात तर वसुलीसाठी कोर्टाने उभं केलं नसतं.

आणि पाच पौंडांचं ठीक आहे. पण आकडा वाढला की? २००३ मध्ये पेंटागॉनने असाच भाकितांचा बाजार काढायचं ठरवलं होतं, नमुन्यात पॅलेस्टिनी नेते अराफात यांच्या हत्येचा सौदासुद्धा होता. सिनेटर ओरडले आणि दुसऱ्याच दिवशी गुंडाळावा लागला. खुनावर पैसे मिळणार म्हटल्यावर खुनाला गिऱ्हाईक मिळतं, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

सदाशिवपेठी
विमावाले, तुमच्या सोवळ्या धंद्याचाही एक किस्सा घ्या. फ्रान्समध्ये म्हाताऱ्या माणसाचं घर दरमहा पैसे देऊन घेता येतं, मालक मेला की घर तुमचं. पूर्ण कायदेशीर. आर्ल गावच्या ४७ वर्षांच्या एका वकिलाने १९६५ मध्ये ९० वर्षांच्या जान काल्मां बाईंशी असा करार केला, महिना २५०० फ्रँक. बाई मरायचं नाव घेईनात. १९९५ मध्ये वकीलच गेला, तोवर घराच्या किमतीच्या दुप्पट पैसे भरून झाले होते. पुढचे हप्ते त्याच्या बायकोने भरले. बाई १९९७ मध्ये गेल्या, १२२ व्या वर्षी. तीस वर्षं तो माणूस एका म्हातारीच्या मरणाची वाट बघत होता, त्याला कुणी अभद्र म्हटलं नाही. मग लीड्सकरांच्या पाच पौंडांनी काय घोडं मारलंय?

कृष्णाकाठ
त्या बाईंना करार माहीत होता, सही होती त्यांची, पैसेही मिळत होते. पोपची सही घेतली होती का?

डेस्कवरचा
दोघांनाही सांगतो, वर्तमानपत्रात हा खेळ पगारी चालतो. आमच्याकडे ज्येष्ठांचे मृत्युलेख तयार करून ठेवलेलं एक फोल्डर होतं. कुणी रुग्णालयात गेलं की संपादक विचारायचे, “मजकूर आहे ना?” मला त्यात गैर वाटलं नाही, वाचकाला रात्री अकराला नीट लेख द्यायचा तर तयारी लागतेच. खरी घाण होते ती घाईने. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये जिवंत होते आणि मोरारजींनी लोकसभेत ते गेल्याचं सांगून टाकलं. श्रद्धांजली झाली, सभागृह तहकूबही झालं. जेपी गेले ऑक्टोबरात. आपल्या विक्रम गोखल्यांचं तर कालपरवाचंच, नोव्हेंबर २०२२. ते पुण्यात रुग्णालयात असताना रात्रीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा पूर आला, घरच्यांना ते हयात आहेत असं सांगावं लागलं. तीन दिवसांनी खरंच गेले. त्या रात्री कुणाला पाच पौंडही मिळणार नव्हते, फक्त पहिला नंबर हवा होता.

गावाकडे डोक्याला कावळा शिवला की पाव्हण्यांना मेल्याची खोटी बातमी धाडतात, रडारड झाली की संकट टळलं म्हणतात. तिथे खोट्या बातमीमागे निदान त्या माणसाचं आयुष्य वाढावं हा हेतू तरी असतो.

अबोली
मी कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. आम्हीही आपसात अंदाज बांधतो, हे दिवाळी बघतील, ते नाही बघणार. बाहेरच्याला ऐकून वाईट वाटेल. पण अंदाज चुकला आणि पेशंट स्वतःच्या पायांनी घरी गेला तर आम्ही पेढे खातो. लीड्सकर, तुम्ही हिरमुसलात. तुमच्या प्रश्नातलं मला तेवढंच खटकलं.

सदाशिवपेठी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी मुद्द्यांवर ठाम आहे.

लीड्सकर
सगळ्यांचं वाचलं. खेळ सोडला असता, पण आम्ही चौदाच जण आहोत आणि नाही म्हणालो की ‘इंडियन लोक अंधश्रद्धाळू’ हे ऐकायला लागतं. म्हणून यंदा पाच पौंड भरले आणि दहाच्या दहा नावं शंभरी ओलांडलेल्यांची दिली. कुणी गेलं तरी मला काही मिळणार नाही. आता बातम्या स्वस्थ बघतो.

सदाशिवपेठी
दहा शतायुषी सापडले कुठून? यादी टाका ना.

लीड्सकर
नाही टाकणार.

विमावाला
शंभरातून एकशे तीन वजा केले तर उणे तीन होतात, तेवढं ऑफिसात विचारून घ्या.