मदत हवी आहे: दीपगृहावरच्या मुलीची कादंबरी

नमस्कार मंडळी, आईसाठी एक पुस्तक शोधतोय. १९८५च्या सुमारास गावच्या वाचनालयातून आणून ती रात्री आम्हाला वाचून दाखवायची. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेला मचवा, शेवटी वडिलांचं पत्र, एवढंच आठवतं. वाचनालयाने जाड पुठ्ठ्याची बांधणी केलेली, मुखपृष्ठ आणि पहिली पानं गायब. पुठ्ठ्यावर पांढऱ्या शाईत फक्त दाखल क्रमांक. त्यामुळे नाव, लेखक काहीच कळलं नाही. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची १९५०पर्यंतचीच आहे आणि गोष्टीत ट्रान्झिस्टर होता, म्हणजे पुस्तक त्यानंतरचं. आईला आता नीट दिसत नाही, या वेळी मी वाचून दाखवणार आहे. कुणाला ओळखीचं वाटतंय का? एखाद्या मासिकात क्रमशः वाचलं असेल, तरी कृपया सांगा.