रोड सायकलने मांडवा ते मडगाव: गिअर, टायर आणि परतीची रेल्वे

खाडीकाठ (प्रश्न)

डिसेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचा बेत आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, आरोंदा आणि शेवट मडगाव. दिवस आठ. सायकल ॲल्युमिनियम फ्रेमची, फोर्क कार्बनचा, रिम ब्रेक, गिअर शिमानोच्या १०५ मालिकेचे, ११-स्पीड, पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या, मागे ११-२८, टायर २५ मिमी. माझं वजन ७२ किलो, सामान साधारण ६ किलो. घरी ठाण्याला परत रेल्वेने यायचं आहे.

प्रश्न तीन. या रस्त्याला ग्रॅव्हल सायकलच (रुंद टायरची, कच्च्या रस्त्याची) घ्यावी लागेल का? नसेल तर आहे त्या सायकलीत काय बदलावं? आणि मडगावहून सायकल रेल्वेने कशी आणायची?

सड्यावरचा

ग्रॅव्हल नको. त्या पैशांच्या अगदी थोड्या भागात काम होतं. कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि टायर बदला, बस.

नकाशात समुद्र शेजारी दिसतो म्हणून रस्ता सपाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात रस्ता खाडीपाशी उतरतो, फेरीबोटीतून किंवा पुलावरून पलीकडे जातो आणि लगेच सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) चढतो. चढ घाटासारखे लांब नसतात, पण एकदम उभे असतात. दिवसातून पाच-सहा वेळा हेच, आणि त्यातले बरेचसे दुपारच्या उन्हात. फेरीनंतरच्या चढाचा पायथा बहुधा धक्क्यालाच असतो, म्हणजे पाय गार पडलेले असतात.

आता हिशोब बघा. ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या वर हवा. सामानासह उभ्या चढाला तो टिकत नाही, मग फेरे ४०-४५ वर येतात आणि गुडघे बोलू लागतात. ३४/३४ वर तेच ६० फेरे ताशी साडेसात-पावणेआठला मिळतात. फरक कागदावर किरकोळ दिसतो, चौथ्या दिवशी नाही.

पण आधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) कोणता आहे ते बघा. १०५ मध्ये आखूड पिंजऱ्याचा एसएस आणि लांब पिंजऱ्याचा जीएस असे दोन प्रकार येतात. आर७००० मालिकेत एसएस ३० दातांपर्यंत चालतो, जीएस ३४ पर्यंत. एसएसवर ३२ बसवणारे बरेच आहेत, बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून लांब ठेवणारा स्क्रू) आत घेतला की पुष्कळ फ्रेमवर चालतंही, पण ते हँगरच्या (डिरेलर फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीच्या) लांबीवर अवलंबून आहे. ३४ हवे असतील तर जीएस डिरेलर घ्याच.

११-३४ कॅसेट म्हणून एचजी८०० घेतलीत तर ती ११-स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मध्यावर) १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ वॉशर, आधी घालून बसते. स्पेसर विसरलात तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते, आणि दोष मात्र गिअरच्या तारेला दिला जातो.

चेन नवीनच लागेल. २८ साठी कापलेली चेन ३४ ला कमी पडते. पुढे मोठं, मागे मोठं असा गिअर चुकून पडला की डिरेलर ताणला जातो आणि हँगर मोडतो. लांबी अशी मोजा: चेन डिरेलरमधून न ओवता मोठ्या-मोठ्यावरून फिरवा, टोकं जिथे भेटतात त्याच्या पुढे दोन कड्या ठेवा, मग कापा.

प्रेस्टा

गिअरचं पटलं. टायरबद्दल लिहितो.

१०५ च्या रिम ब्रेकमध्ये २८ मिमी बसतो, त्यापुढे जाऊ नका. टायरवर २८ छापलेलं असलं तरी रिम आतून १९ मिमी रुंद असेल तर तो २९-३० भरतो. बसवल्यावर फोर्क, ब्रेकची कमान आणि मागे चेनस्टे (पायडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), तिन्ही जागी ३-४ मिमी फट राहिली पाहिजे. ब्रेकखाली बारीक खडी अडकली तर ती कार्बन फोर्क आतून घासत राहते.

तुमच्या वजनाला २८ मिमीमध्ये पुढे ६५-७०, मागे ७५-८० पीएसआय हवा पुरे. १०० भरू नका. खडबडीत डांबरावर टणक टायर वेग देत नाही, फक्त हात बधिर करतो.

स्पेअरचं मात्र नीट ऐका. वाटेतल्या गावांत सायकलचं दुकान सापडतं, पण तिथे साध्या सायकलीचं नोजल असतं. प्रेस्टा (रोड सायकलीच्या बारीक) व्हॉल्वची ७००सी ट्यूब मिळेल असं धरूच नका. तीन ट्यूब, आठ-दहा पॅच आणि पितळी ॲडॅप्टर घ्या. ॲडॅप्टर लावला की मोटरसायकलच्या गॅरेजमध्येही हवा भरता येते, फक्त प्रेस्टाच्या टोकाचा बारीक नट आधी सैल करायला विसरू नका. जुन्या टायरचा पाच सेंटीमीटर तुकडा बरोबर ठेवा. जांभ्या दगडाच्या कडेने टायर बाजूने फाटला तर ट्यूब आणि टायरच्या मध्ये तो घालून पुढचं शहर गाठता येतं.

बाकी: तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (दुसऱ्या कुठल्याही फ्रेमचा चालत नाही), ११-स्पीडच्या दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), मागच्या गिअरची एक तार, चेन तोडायच्या हत्यारासह मल्टीटूल. ११-स्पीड शिफ्टरच्या आत तार झिजून तुटते आणि तोपर्यंत कळत नाही. दोन वर्षं जुनी असेल तर निघायच्या आधीच बदला.

खारी हवा आणि वाळूसाठी रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीला एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं तेल परत पुसायचं. तेल माखून ठेवलेली चेन हरिहरेश्वरपर्यंत वाळूचा सँडपेपर होते.

खाडीकाठ

दोघांचेही आभार. डिरेलर एसएस निघाला, जीएस बघतो. चार फेऱ्या धरल्यात: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. आणि रेल्वे?

ब्रेकव्हॅन

फेऱ्या बरोबर आहेत. सायकल चढते, तिचं वेगळं तिकीट घ्यावं लागतं. फक्त संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या मुक्कामी विचारून ठेवा.

रेल्वेचं: सायकल डब्यात नेऊ नका. डब्यातल्या सामानाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी, एसी थ्री टियरमध्ये त्याहून कमी. सायकलीचा खोका कसाही केला तरी त्यात बसत नाही. ती ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, जाते.

पार्सल ऑफिसात दोन शब्द नीट वापरा. ‘लगेज’ म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीने. ‘पार्सल’ म्हणजे जागा होईल त्या गाडीने, तिकीट नसलं तरी. तुम्हाला लगेज हवं आहे. तिकीट कन्फर्म हवं, बरोबर ओळखपत्र आणि सायकलीच्या बिलाची झेरॉक्स. दोन-तीन तास आधी जा.

गाडी निवडताना मडगावहून सुटणारीच घ्या: सकाळची मांडवी किंवा संध्याकाळची कोकणकन्या. सुटण्याच्या स्टेशनवर चढवायला वेळ मिळतो. केरळकडून येणाऱ्या गाडीत थांबा थोडा आणि ब्रेकव्हॅन आधीच भरलेली असते. वंदे भारतला ब्रेकव्हॅनच नाही.

आणि ठाण्यापर्यंत बुक करू नका, सीएसएमटीपर्यंत करा, तिकीटही तिथपर्यंतचंच काढा. ठाण्याला गाडी काही मिनिटंच थांबते. तुमची सायकल आत तीन बुलेटच्या मागे असेल तर ती उतरत नाही, पुढे जाते आणि मग तुम्ही दोन पार्सल ऑफिसांमध्ये फिरता. उतरल्यावर लगेच सोडवा, मोफत मुदत संपली की वार्फेज (सामान पडून राहिल्याचं भाडं) लागतं.

सायकलीवर दोन ठिकाणी जाड मार्करने नाव, मोबाइल, ‘मडगाव ते सीएसएमटी’ आणि पीएनआर. कागदी लेबल एकटं पुरत नाही, ते फाटतं. कापडावर लिहून फ्रेमला शिवा.

सड्यावरचा

खोक्यात की उघडी?

ब्रेकव्हॅन

विमानाला खोका, रेल्वेला उघडी. खोका दिसला की त्यावर दुसरा माल रचतात. उघडी सायकल हमाल चाकावर ढकलत नेतो आणि भिंतीला टेकवतो. म्हणून दोन्ही चाकं लावलेलीच ठेवा, टायरमधली हवा तशीच असू द्या. पायडल काढा, डावीकडच्या पायडलचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. डिरेलर हँगरपासून सोडून चेनसकट फोममध्ये गुंडाळा आणि मागच्या स्पोकला नाही, तर चाकाला लागणार नाही असा चेनस्टेला झिपटायने बांधा. स्पोकला बांधलात तर चाक फिरताच तो तुटतो. फ्रेमच्या तिन्ही नळ्यांना पाइपचा फोम, त्यावर गोणपाट. दिवे, कॉम्प्युटर, बॅगा सगळं स्वतःजवळ.

प्रेस्टा

एक भर. सीटपोस्ट खाली करणार असाल तर आधी उंचीवर टेप लावा, म्हणजे घरी गेल्यावर मिलिमीटर शोधत बसावं लागत नाही. आणि हँडल फिरवलंत तर परत जोडताना क्रम पाळा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) खेळायचं थांबेल इतकाच, मग स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतके, बहुधा ५ न्यूटन-मीटर. उलट क्रमाने केलंत तर पुढचा ब्रेक दाबल्यावर हेडसेट टकटक करतं. कार्बन फोर्क आहे, टॉर्क रेंच नसेल तर हे काम मडगावच्याच एखाद्या दुकानात करून घ्या.

खाडीकाठ

हँडल फिरवतच नाही मग. जीएस डिरेलर आणि एचजी८०० मागवतो.

सड्यावरचा

स्पेसर त्याच ऑर्डरमध्ये टाका. कॅसेटच्या खोक्यात तो आहे की नाही ते दुकानदाराला विचारून.