नाटकाचं छापील पत्रक बंद करावं का? (इंदूर)

रामबागकर
परवा मुंबईहून आलेल्या नाटकाला आईला घेऊन गेलो होतो. दारात नेहमी हातात पडणारा दुमडलेला कागद या वेळी नव्हता. खांबाला क्यूआर कोड चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘कलाकारांची माहिती येथे पाहा’. आईचं वय ८१. पत्रक मिळणार म्हणून तिने पर्समधून वाचायचा चष्मा काढून हातात धरला होता. मी फोनवर पान उघडेपर्यंत तिसरी घंटा झाली. तिने चष्मा घडी करून परत ठेवला.

मुंबई-पुण्यात नाटकांच्या जाहिराती रोज पेपरात येतात. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, नट कोण, हे माणूस चहा पिता पिता वाचतो. आपल्याकडे ती पानं येत नाहीत. नाटक सुमारे ६०० किलोमीटर प्रवास करून येतं, दोन-तीन दिवस मुक्काम करतं आणि निघून जातं. मागे उरतं ते हे पत्रक.

माझ्या वडिलांनी रवींद्र नाट्यगृहात पाहिलेल्या प्रयोगांची पत्रकं एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. पाठीमागे पेनाने टिपणं. एकावर लिहिलंय, ‘दुसऱ्या अंकात दिवे गेले. वीस मिनिटं अंधारात. कोणी उठलं नाही.’ हे मोबाइलवर कुठे लिहिणार? पत्रक परत सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सुदामानगर
मी विरोधात आहे, आणि कारण अनुभवाचं आहे. प्रयोग संपल्यावर सभागृह आवरणाऱ्या स्वयंसेवकांत मी सात वर्षं होते. खुर्च्यांखाली, पायऱ्यांवर, पार्किंगमध्ये, सगळीकडे पत्रकं. एकेका प्रयोगाची दोन पोती भरायची. त्यात समोशाची तेलकट पिशवी मिसळली की तो कागद कोरड्या कचऱ्यातही जात नाही. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते घराघरात ओला-सुका वेगळा करणाऱ्या बायकांमुळे. त्याच बायका नाटकाला येतात आणि पत्रक खाली टाकून जातात, हे मला फार लागायचं.

दादा, तुमच्या वडिलांसारखे जपणारे हजारात दहा. त्या दहांसाठी हजार छापायचे?

विंगेतून
मी बावीस वर्षं नाटकांबरोबर फिरलो, प्रकाशयोजनेच्या खात्यात. आता इंदुरात लेकीकडे असतो. आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

दौऱ्यात सेटचा टेम्पो पहाटे पोचतो. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उतरवायचे, त्यांना टेकू द्यायला ब्रेसेस लावायचे, लाइट टांगायचे, फोकस करायचे. प्रत्येक सभागृहाची विंग वेगळी, लाइट टांगायचे बार वेगळ्या उंचीवर, त्यामुळे मुंबईतलं जसंच्या तसं कधीच बसत नाही. संध्याकाळी पडदा उघडतो तेव्हा आम्ही सकाळपासून उभेच. प्रयोगाआधी जी ध्वनिमुद्रित घोषणा होते, तिच्यात निर्माता, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार येतात. रंगमंच व्यवस्था आणि प्रकाश सहाय्य करणाऱ्यांची नावं तिथे मावत नाहीत. पेपरच्या जाहिरातीत तर नाहीच नाही, तिथे सेंटिमीटरला पैसे पडतात.

माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत नाही, दौऱ्यावर. इंदुरातल्याच एका पत्रकात, शेवटून दुसऱ्या ओळीत. पाच प्रती मागून घेतल्या. एक आईला गावी पाठवली. तिने ती देवघराशेजारी लावली होती, तिच्यानंतर मी काढून आणली.

ताई, पोती उचलायचे तुमचे कष्ट मला समजतात. तरी ती ओळ जाऊ नये असं वाटतं.

अचूकहवं
काका, तुमच्याविषयी आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो. तुमच्यासारख्यांचं श्रेय छापील कागदावर बरोबर येतं का, हाच प्रश्न आहे. दौऱ्यात नट बदलतात. कुणाची मालिका सुरू होते, कुणाचा घसा बसतो. पत्रक मात्र महिनाभर आधी छापलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी एका नाटकात नायिकेची भूमिका बदली मुलीने केली. शेवटच्या प्रवेशात ती बोलायची थांबली आणि नुसती खुर्ची सरळ करत राहिली, आख्खं सभागृह गप्प होतं. बाहेर पडताना सगळे पत्रकावरच्या नावाचं कौतुक करत होते. ते नाव तिचं नव्हतं. कोडवरचं पान दुपारी चार वाजता बदलता येतं, कागद बदलता येत नाही.

संगीतवेडी
अचूकहवं, यावर उपाय जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्लेबिल नावाची पुस्तिका प्रेक्षकाला फुकट मिळते, ती १८८४ पासून निघते. त्या रात्री नट बदलला असेल तर तिच्यात एक चिठ्ठी सरकवतात. लंडनला तर लोक कार्यक्रमपुस्तिका विकत घेतात. आणि आपल्याकडे संगीत नाटकांच्या थिएटरात पदांची छोटी पुस्तकं विकली जायची. लोक ती घरी नेऊन पाठ करायचे. माझ्या आजीला पदं शब्दन् शब्द यायची ती त्या पुस्तकांवरून.

कोण कोणत्या रात्री काय खेळलं हे का नोंदवायचं, त्याला एकच दाखला देते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’चा प्रयोग, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. ही रात्र आपल्याला माहीत आहे कारण ती मोठ्यांची होती. तुम्ही सांगितलेल्या त्या मुलीची रात्र कुठे नोंदली गेली? आणि चार वाजता बदललेलं ते पान तरी आज उघडतंय का, बघून सांगाल?

अचूकहवं
पाहिलं. उघडत नाही. निर्मात्यांची साइटच बंद झालीय. हे मी मान्य करतो. पण चुकीचं नाव कायमचं राहणं हे नाव न राहण्यापेक्षा वाईट, या मतावर मी ठाम आहे.

खंडवारोड
इथे कोणी माझ्यासारख्यांचा विचार करत नाहीये. माझं शिक्षण हिंदीत झालं. घरी मराठी बोलतो, पण वाचायला मला वेळ लागतो, जोडाक्षरावर अडते. नवरा मालव्यातला, मराठी समजतं, वाचत नाही. सासूबाईंना घेऊन जाते तेव्हा त्या विचारतात, “कहानी क्या है?” छापील पत्रकाने आम्हाला कधीच काही दिलं नाही. गेल्या वेळी कोडच्या पानावर हिंदीत आठ ओळी होत्या. सासूबाईंनी मध्यंतरात त्या माझ्याकडून वाचून घेतल्या आणि दुसरा अंक त्यांनी खरंच पाहिला. पहिल्यात त्या झोपल्या होत्या.

मराठी नाटकाला पुढची पिढी हवी असेल तर आमची अडचण ही अडचण समजा.

रामबागकर
खंडवारोड ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आठ ओळी हिंदी कागदावरही छापता येतील, असं उत्तर लगेच सुचतं, पण ते पुरेसं नाही हे समजतं. कोड ठेवा. मी कोड काढा म्हणत नाहीये, कागद काढू नका म्हणतोय. प्रयोगाआधी आपणच सांगतो, मोबाइल बंद ठेवा. मग पहिला प्रवेश संपल्यावर ‘हा काकाचं काम करतोय तो कोण’ म्हणून शेजारचा फोन पेटवतो आणि तीन रांगांचे डोळे तिकडे जातात. कागद अंधारात कुणाला त्रास देत नाही.

छापखाना
खर्चाचं बोलतो, कारण हे काम मी करतो. साधा ए-फोर, दोन बाजूंनी काळ्या शाईत, मधे एक घडी. हजार प्रतींना माझ्याकडे एका प्रतीमागे दोन रुपयांच्या आत पडतं. रंगीत आर्ट पेपर मागितला की आकडा चौपट होतो, आणि तो मागितला जातो जाहिरातदारांसाठी. जाहिराती काढा, कागद साधा ठेवा.

खरी अडचण वेगळी आहे. इथले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारे, हिंदीत वाढलेले. त्यांच्या हातून ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, ‘काळे’ आडनावाच्या माणसाचं ‘काले’. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य फुटतो, अर्धा र वर चढतो. एकदा माझ्याच प्रेसमध्ये एका नेपथ्यकाराच्या आडनावातला ळ गेला. त्यांनी पत्रक हातात घेतलं, पाहिलं, काही न बोलता खिशात ठेवलं. तेव्हापासून मराठी प्रूफ मी स्वतः वाचतो.

सुदामानगर
साधा कागद, जाहिराती नाहीत, इतपत ठीक. पण सरसकट प्रत्येक खुर्चीवर ठेवायचं नाही. दारात टेबल ठेवा, ज्याला हवं तो मागून घेईल, दोन रुपये टाकील. मागून घेतलेली वस्तू माणूस खाली टाकत नाही. तीनशे छापा, हजार नको. आणि बाहेर पडताना दाराशी एक खोकं ठेवा, ज्याला न्यायचं नाही त्याने तिथे परत टाकावं. त्यातली मी पुढच्या प्रयोगाला वापरून दाखवते.

अचूकहवं
टेबल चालेल. बदली नटाची चिठ्ठी त्याच टेबलावर हवी, हाताने लिहिलेली असली तरी. ती कोण लिहिणार हे आधी ठरवा, नाहीतर चार वाजता सगळे सेटच्या गडबडीत असतात.

विंगेतून
मी लिहीन. दुपारी तीनपासून मी तिथेच असतो, आता काम नसलं तरी पाय तिकडे वळतातच. व्यवस्थापकाकडून नटांची आणि पडद्यामागच्यांची दोन्ही यादी घेईन. छापखानावाले, एक ओळ मोकळी सोडाल का खाली?