‘डर्टी’ला मराठीत दर वेळी ‘घाणेरडा’च म्हणायचं का?

अनुवादवाट:
एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे आणि ‘डर्टी’ या शब्दापाशी सारखी अडते आहे. पहिल्याच प्रकरणात ‘डर्टी डिशेस’ आहेत, मुलाचे ‘डर्टी’ कपडे आहेत. पुढे सासू सुनेला ‘डर्टी लुक’ देते. मग थोरला भाऊ धाकट्याला ऐकवतो, की तुला कधी ‘हँड्स डर्टी’ करायचेच नसतात. शब्दकोशात घाणेरडा, मळका, गलिच्छ, अश्लील असे अर्थ ओळीने दिलेत, पण कुठे कोणता घ्यायचा ते त्यावरून कळत नाही. सगळीकडे ‘घाणेरडा’ घातलं तर वाक्य कानाला बोचतं. तुम्ही कसं ठरवता? आणि ‘फिल्दी’, ‘मेसी’ हे शब्द ‘डर्टी’पेक्षा वेगळे कसे?

पाटीपेन्सिल:
‘मेसी’त मुख्यतः पसारा असतो. फरशी लख्ख पुसलेली असली तरी वह्या-कपडे इकडेतिकडे पडले असतील, तर खोली मेसी, डर्टी नाही. ‘फिल्दी’ ही डर्टीच्या पुढची पायरी, किळस यावी इतकी घाण.

शब्दवेल्हाळ:
आधी वस्तू कोणती ते बघा. इंग्रजीत डर्टी हा एकच शब्द सगळीकडे चालतो, मराठीत मात्र प्रत्येक मळाला वेगळं नाव आहे. भांडी खरकटी, कपडे मळके, पाणी गढूळ, पाय चिखलाने बरबटलेले, तेलाचे हात ओशट. अनुवादात हे शब्द वापरलेच पाहिजेत. ‘घाणेरडी भांडी’ वाचून मला तर चीड येते, कारण ‘खरकटी’ म्हटलं की जेवणं नुकतीच झाली आहेत हेही वाचकाला आपोआप कळतं.

सगळ्यात जपायचं ते ‘डर्टी लुक’ला. आपल्याकडे ‘घाणेरडी नजर’ म्हणजे वासनेची नजर. इंग्रजीत डर्टी लुकमध्ये राग असतो, नापसंती असते. सासूनं सुनेकडे ‘खाऊ की गिळू’ अशा नजरेनं पाहिलं, किंवा नुसते डोळे वटारले, असं लिहा. ‘डर्टी जोक’ आणि ‘डर्टी माइंड’ यांत मात्र अश्लीलता आहेच. ‘डर्टी ओल्ड मॅन’साठी तर ‘हिरवट म्हातारा’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे.

‘डर्टी मनी’ला ‘काळा पैसा’ म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. काळा पैसा कष्टाचाही असू शकतो, फक्त कर चुकवलेला. डर्टी मनी गुन्ह्यातून आलेला असतो. तो पापाचा पैसा. आणि पुढेमागे कुणी चारचौघांत ‘डर्टी लिनन’ धुवायला काढलं, तर तिथे कपडे धुऊ नका. घरची लक्तरं वेशीवर टांगा.

जाता जाता: ‘डर्ट’ची मुळं जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘ड्रिट’मध्ये सापडतात, त्याचा अर्थ विष्ठा. पुढे इंग्रजीत ‘र’ची जागा बदलली. आज अमेरिकेत डर्ट म्हणजे साधी मातीसुद्धा. म्हणून ‘डर्ट रोड’ दिसला की कच्चा रस्ता लिहा, त्यात घाण कुठेच नाही.

डेटाबेसवाला:
आमच्या कामात हा शब्द रोज येतो आणि त्यात तिरस्कार अजिबात नसतो. कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या ज्या पानात, म्हणजे माहितीच्या तुकड्यात, बदल झालेत पण ते अजून डिस्कवर लिहिले गेले नाहीत, ते ‘डर्टी पेज’. डेटाबेसमधल्या एका व्यवहाराने (ट्रान्झॅक्शनने) केलेला, पण अजून पक्का न झालेला बदल दुसऱ्याने वाचला तर ते ‘डर्टी रीड’. पहिला व्यवहार रद्द झाला, तर दुसऱ्याच्या हाती कधीच खरी नसलेली माहिती उरते. रोख्यांच्या बाजारातही ‘डर्टी प्राइस’ असते, म्हणजे तोवर साचलेलं व्याज धरून काढलेली किंमत. अशा ठिकाणी भाषांतराचा हट्ट धरू नये, ‘डर्टी पेज’ असंच राहू द्यावं.

अनुवादवाट:
खरकटी आणि ‘खाऊ की गिळू’ लगेच घेतले! भावाचं वाक्य अजून जमत नाहीये. ‘तुला मातीत हात घालायला नको’ असं चालेल?

शब्दवेल्हाळ:
धाकटा नेमकं काय टाळतो? अंगमेहनत टाळत असेल तर चालेल. ‘हँड्स डर्टी’ गैरव्यवहारालाही म्हणतात, तिथे आपण ‘हात बरबटलेले’ म्हणतो.

अनुवादवाट:
अंगमेहनत नाही. भाडेकरूंना घराबाहेर काढायचं, कामगारांना घरी बसवायचं, असली कटू कामं तो थोरल्यावर ढकलतो आणि स्वतः सगळ्यांशी गोड राहतो.

शब्दवेल्हाळ:
मग हात, माती, मळ सगळं सोडून द्या. थोरला म्हणेल, ‘वाईटपणा मी घ्यायचा आणि तू नामानिराळा राहायचं.’