लॉटरी लागली तर काय कराल?

डोंबिवलीकर: सकाळची ७:४८ची फास्ट, तेवीस वर्षं. सीएसएमटीला उतरून जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकावरून ऑफिसला जातो. १८५७ची संस्था. तिथं शिकायचं होतं, पण वडील गेले, नोकरी धरली. त्याचं काही नाही. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, लॉटरी लागली तर काय कराल?" तोंडातून निघालं, "फर्स्ट क्लासचा पास काढीन." ती हसली. मला रात्रभर झोप नाही. एवढंच सुचावं? तुमचंही असं होतं का?

मटारवाली: होतं की! लेडीज डब्यात मटार सोलत घाटकोपर कधी येतं कळत नाही. झोपेत स्वप्न पडलं तरी गाडी चुकल्याचंच.

चौथी_सीट: दादा, पास मागितलात त्यात चुकलं काय? कल्याण लाइनवर टेकायला जागा मिळणं हेच मोठं. बरं ते सोडा. रविवारी काळा घोड्याला जा, जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर फुटपाथवर चित्रकार चित्रं मांडून बसलेले असतात. नुसते बघत उभे राहा.

डोंबिवलीकर: रविवारी मेगाब्लॉक असतो हो! (चित्रं काढायची ६बी पेन्सिल मात्र घेतलीय. डब्याच्या पिशवीत आहे, अजून टोक काढलं नाही.)